घाटातच अंधार का? एका जुन्या ट्रकच्या वायरिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी 2005 सालची, दोन एक्सलची, सोळा टनी. इंजिन सहा सिलिंडरचं, डिझेलचा पंप पूर्ण यांत्रिक, इंजिन बंद करायला दोरी ओढायची. म्हणजे एकदा सेल्फ मारून इंजिन धरलं, की ते चालू राहायला विजेची गरज नाही. ब्रेक हवेचे, त्यांनाही वीज लागत नाही. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात हवी. विजेवर चालणारा स्टॉप सोलेनॉइड (वीज गेली की डिझेल तोडणारा खटका) असलेल्या गाडीत हाच बिघाड झाला असता तर इंजिनही जागीच बसलं असतं आणि तपास वेगळ्या वाटेने गेला असता.

वीज 24 व्होल्टची. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून डाव्या बाजूच्या डब्यात. जिचं निगेटिव्ह चेसिसला बोल्ट केलंय तिला इथे खालची म्हणू, आणि जिचं पॉझिटिव्ह सेल्फकडे जातं तिला वरची. बॅटरीची जाड केबल सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) मोठ्या स्टडवर, म्हणजे जोडणीच्या बोल्टवर, येते. इंजिन चालू असताना वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची तारही त्याच स्टडवर येते. तिथून एक तार केबिनखालून वर चढून फ्यूज बॉक्सला जाते आणि दिवे, हॉर्न, वायपर, डॅशबोर्ड असं सगळं तिच्यावर चालतं.

काम ठरलेलं: पिंपळगाव बसवंतला संध्याकाळी कांदा भरायचा, रात्री कसारा घाट उतरायचा, पहाटे वाशीच्या बाजारात लागायचं. मालकाची ही एकच गाडी, चालक सात वर्षांपासूनचा. दोघांची ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

समस्या

जुलैतला पाऊस. इगतपुरी ओलांडून घाटाच्या तोंडाशी आल्यावर गाडीतली सगळी वीज एका क्षणात गेली. हेडलाइट, पार्किंग, डॅशबोर्ड, वायपर, हॉर्न, काहीच उरलं नाही. इंजिन मात्र चालू. चालकाने मागच्या गाडीच्या उजेडात कडेला घेतलं, चाकाला दगड लावले, इंजिन बंद केलं नाही. हे बरोबर केलं, कारण बंद केलेलं इंजिन परत धरेल याची काहीच खात्री नव्हती. क्लीनरने मात्र डबा उघडून चालत्या इंजिनवर बॅटरीची टर्मिनलं हलवली. हे टाळायला हवं होतं. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी क्षणभर जरी सुटली तरी व्होल्ट एकदम उसळतात आणि अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग) किंवा डायोड उडू शकतात.

दोन-तीन मिनिटांत वीज आपोआप आली. टर्मिनल हलवल्यामुळे आली असं सगळ्यांनी धरलं आणि इथूनच तपास चुकीच्या दिशेला लागला.

नंतर आणखी दोनदा हेच झालं, दोन्ही वेळा घाटाच्या आसपास. दिवसा कधीच नाही, गावात कधीच नाही. मालकाच्या तोंडी एक वाक्य पक्कं बसलं: “गाडी घाटातच अंधार करते.”

दोन दुरुस्त्या, दोन्ही वाया

पहिल्या प्रसंगानंतर बॅटरीच्या दुकानात गाडी नेली. खालची बॅटरी 12.1 व्होल्ट, हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता, चार्ज उतरला की कमी) 1.190; वरची 12.8 आणि 1.270. खालची गेली, असा निकाल देऊन ती नवी बसवली. वरची तीन वर्षांची जुनी तशीच ठेवली. पुढचे नऊ दिवस काही झालं नाही, त्यामुळे दुरुस्ती लागू पडली असं वाटलं. पण त्या नऊ दिवसांतल्या दोन खेपा उघाडीच्या होत्या, ही नोंद कोणी घेतली नाही.

दुसऱ्या प्रसंगानंतर एका वायरमनने अल्टरनेटर उतरवून रेग्युलेटर बदलला. बदलल्यावर चार्जिंग 28.0 व्होल्ट आलं. बदलण्याआधी किती होतं ते मोजलंच नव्हतं, त्यामुळे जुना रेग्युलेटर खरंच खराब होता का, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. याच वायरमनने फ्यूज बॉक्सपाशी टेस्ट बल्ब लावून बघितला होता. तो लख्ख पेटला, म्हणून “सप्लाय ओके” म्हणून गाडी सोडली. हा बल्ब कसा फसवतो ते पुढे येईल.

तिसऱ्यांदा अंधार झाला तेव्हा माल भरलेला होता. गाडी कशीबशी वाशीला पोचवून, रिकामी करून, दिवसाउजेडी परत आणली आणि आडगाव ट्रक टर्मिनलजवळच्या वर्कशॉपमध्ये लावली.

चालकाच्या सांगण्यातून निघालेलं

पाना हातात घेण्याआधी चालकाला तीन प्रश्न विचारले. वीज जाताना दिवे मंद होत गेले की झटक्यात गेले? इंजिन चालू होतं का? त्याआधीच्या पाच मिनिटांत कुठलं बटण दाबलं होतं?

उत्तरं अशी: झटक्यात. हो, चालू होतं. आणि तिसऱ्याला थोडं थांबून, “धुकं लागलं म्हणून फॉग लाइट लावले होते.” तिन्ही वेळा? तिन्ही वेळा.

एवढ्यावरच बरंच छाटलं जातं. अल्टरनेटर मेला असता तर बॅटऱ्यांनी दिवे तासन्‌तास ओढले असते आणि मंद होत होत गेले असते. म्हणजे झटक्यात जाणं हे अल्टरनेटरचं लक्षण नाही. बॅटरीची केबल सुटली असती तर चालत्या इंजिनवर अल्टरनेटरने दिवे पेटते ठेवले असते, उलट व्होल्ट बेताल होऊन दोन-चार बल्ब उडाले असते. एकही बल्ब उडाला नव्हता. चावीचा स्विचही निर्दोष ठरतो, कारण पार्किंग लाइट चावीतून जात नाहीत आणि तेही विझले होते. राहतो एकच तुकडा: सेल्फच्या स्टडपासून फ्यूज बॉक्सपर्यंतची तार. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही तिच्या अलीकडे, आणि विझलेलं सगळं तिच्या पलीकडे.

हे गणित या गाडीच्या जोडणीपुरतं खरं आहे. काही जुन्या गाड्यांत अल्टरनेटरची तार अँमीटरवर किंवा थेट फ्यूज बॉक्सकडे जाते. तिथे असं अनुमान काढण्याआधी तार हाताने धरून कुठे जाते ते बघावं लागेल.

मग घाट? घाटाचा काही दोष नव्हता. इगतपुरीच्या पुढे पावसाळ्यात धुकं असतं, आणि धुकं असतं तिथेच फॉग लाइट लागतात.

समोर असलेले पर्याय

मालकाने स्वतःच दोन सुचवले होते. एक, पूर्ण वायरिंग नवं टाकायचं: तीन-चार दिवस गाडी उभी, खर्च मोठा, आणि नव्या वायरिंगमध्येही सेल्फजवळचा जुना तुकडा तसाच राहून जायची शक्यता. दोन, बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत एक जाड तार सरळ ओढायची आणि आजच गाडी सोडायची. दुसरा मोहाचा होता, आणि त्याने अंधार थांबलाही असता. पण जुनी तार तशीच जिवंत राहिली असती. बिनफ्यूजची, जिचं इन्सुलेशन कुठे वितळलंय हे माहीत नाही अशी तार डिझेलच्या नळ्यांच्या शेजारी सोडणं म्हणजे आग पुढे ढकलणं.

तिसरा पर्याय अर्ध्या तासाच्या मोजणीचा. तो निवडला.

मोजणी

इथे नेहमीची चूक अशी होते: मीटरचं एक टोक चेसिसला, दुसरं फ्यूज बॉक्सला, सगळे स्विच बंद. मीटर 24.9 दाखवतो आणि तार चांगली ठरते. करंट वाहत नसेल तर कुजलेल्या तारेतूनही पूर्ण व्होल्ट दिसतात. टेस्ट बल्बचंही तेच. 24 व्होल्टचा 21 वॅटचा बल्ब एक अँपिअरसुद्धा घेत नाही. जोडात 0.2 ओहमचा अडथळा असेल तर त्या बल्बला 0.2 व्होल्टही कमी पडत नाहीत, तो लख्खच पेटणार. जी तार 20 अँपिअर नेते, तिची परीक्षा तिच्याच भाराने घ्यायला हवी.

म्हणून इंजिन बंद ठेवून हेडलाइट अप्परवर, पार्किंग, वायपर आणि केबिनचा 24 व्होल्टचा पंखा असा भार चालू केला. तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या डीसी क्लँप मीटरवर 13 अँपिअर. मग मीटरची दोन्ही टोकं एकाच तारेच्या दोन टोकांना लावून एकेक तुकड्याचा ड्रॉप, म्हणजे त्या तुकड्यात किती व्होल्ट गळतात ते, घेतला. रेंज आधी 200 व्होल्टची ठेवली, कारण तार मध्येच तुटली तर पूर्ण 24 व्होल्ट मीटरवर येतात.

खालच्या बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून चेसिसपर्यंत 0.04. मीटरचं टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावरच टेकवायचं, केबलच्या क्लँपवर नाही, नाहीतर क्लँप आणि खांब यांच्यातली घाण मोजणीतून निसटते. वरच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या स्टडपर्यंत 0.06. दोन्ही उत्तम.

स्टडपासून फ्यूज बॉक्सच्या इनपुटपर्यंत 2.6 व्होल्ट. एवढ्याशा तारेत हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आतच हवा. 2.6 व्होल्ट गुणिले 13 अँपिअर म्हणजे 34 वॅट. सोल्डरिंगच्या इस्त्रीएवढी उष्णता केबिनखाली कुठल्यातरी एका बिंदूवर मुरत होती.

आता फॉग लाइट लावले. दोन बल्ब, प्रत्येकी 70 वॅट. करंट 19 अँपिअर, ड्रॉप 4 व्होल्टच्या जवळ. करंट दीडपट झाला की उष्णता दुपटीहून जास्त होते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. एक माणूस अग्निशामक घेऊन उभा केला, दुसऱ्याचा हात बॅटरीच्या कट-ऑफ स्विचवर. चौथ्या मिनिटाला टेप जळल्याचा वास आला, दिवे फडफडले आणि विझले. मीटरवर 24.3. घाटातला अंधार वर्कशॉपच्या दारात आणून दाखवता आला. कट-ऑफ टाकला, दोन मिनिटं थांबून परत चालू केला, वीज हजर. थंड होताना तांब्याची टोकं परत टेकत होती. क्लीनरने टर्मिनल हलवलं नसतं तरी त्या रात्री वीज आलीच असती.

एक मोजणी याला धरूनच केली: स्टॉपची दोरी ओढून धरून सेल्फ मारत निगेटिव्ह खांब ते इंजिन ब्लॉक, 0.3 व्होल्ट. इंजिनची अर्थ पट्टी (इंजिन चेसिसला जोडणारी) ठीक होती. ही पट्टी सैल असेल तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या तारेतून परत जातो आणि ती तार चटका बसेल एवढी तापते. तशी खूण नव्हती.

काय सापडलं

केबिनच्या फरशीखाली, तार रबरी ग्रोमेटमधून वर जाते त्याच्या वीतभर अलीकडे, काळ्या टेपची गुंडाळी. आत मूळ जाड तारेला 4 चौरस मिमीची पातळ तार नुसती पीळ देऊन जोडलेली. दोन वर्षांपूर्वी सेल्फ उतरवला तेव्हा स्टडजवळचा मूळ फ्यूज-तारेचा तुकडा (करंट जास्त झाला की मुद्दाम वितळणारा) जळालेला होता. तो काढून हा जोड मारला होता. गाडीला त्या दिवशी जायचं होतं, इतकंच.

जागा पुढच्या चाकाच्या उडत्या पाण्यासमोर. टेपने पाणी अडवलं नाही, उलट धरून ठेवलं. बारीक तंतूंच्या तारेत पाणी वातीसारखं चढतं, त्यामुळे जोडापासून 30 सेंमी वरपर्यंत इन्सुलेशनच्या आत तांबं काळं पडलेलं आणि जोडावर हिरवा चुरा. बाहेरून तार नव्यासारखी.

दुसरा दोष या शोधात आपोआप हाती लागला, आणि त्याचा अंधाराशी काही संबंध नव्हता. दोन बॅटऱ्यांच्या मधल्या पट्टीवरून एक तार गाण्यांचा टेप, ॲम्प्लिफायर आणि मोबाइल चार्जरला नेलेली. 12 व्होल्ट हवे म्हणून ही युक्ती जुन्या ट्रकांत सर्रास करतात. तिचा हिशोब असा: चार-पाच अँपिअरचा टेप रात्रभर फक्त खालच्या बॅटरीतून खातो, आठ तासांत 30 ते 40 अँपिअर-तास. चार्जिंगचा करंट मात्र दोन्हींतून सारखाच जातो. खालची कधी भरत नाही, वरची गरजेपेक्षा जास्त भरून पाणी उडवते. पहिल्या दुकानात दिसलेले 12.1 आणि 12.8 हे या तारेमुळे. आकडे खरे होते, पण ते दुसऱ्याच आजाराचे होते.

दुरुस्ती

आधी खालच्या बॅटरीचं निगेटिव्ह सोडवलं, जोडताना तेच शेवटी. जोड कापून परत जोडायचा विचार क्षणभरच झाला, कारण काळं तांबं नीट क्रिंप होत नाही (दाबून घट्ट बसत नाही) आणि सोल्डरही धरत नाही. स्टडपासून फ्यूज बॉक्सपर्यंत पूर्ण तार नवी टाकली: 10 चौरस मिमी, तीन मीटर, मध्ये एकही जोड नाही. टोकांना दाबयंत्राने क्रिंप केलेल्या थिंबल्स (टोकाच्या कड्या), त्यावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). सोल्डर मुद्दाम टाळलं. सोल्डर संपतं तिथे तार कडक होते आणि ट्रकच्या थरथरीत तिथूनच तुटते.

स्टडपासून वीतभर अंतरावर बोल्टचा 50 अँपिअरचा पट्टी-फ्यूज. नवं ग्रोमेट. तार डिझेलच्या नळीपासून दूर नेऊन दर 30 सेंमीवर क्लिप.

फॉग लाइट मुख्य तारेवरून काढले. 24 व्होल्टचा वेगळा रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), 2.5 चौरस मिमी तार, 10 अँपिअरचा फ्यूज, केबिनमधल्या बटणाला फक्त रिलेची कॉइल. (असे ज्यादा दिवे नियमात कितपत बसतात, हा वेगळा प्रश्न.) मधल्या पट्टीवरची तार काढून टाकली आणि टेपसाठी 24 ते 12 व्होल्टचा 10 अँपिअरचा कन्व्हर्टर लावला. दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून रात्रभर वेगवेगळ्या चार्ज केल्या, वरचीत डिस्टिल्ड वॉटर भरलं.

सगळं सामान एका बॅटरीच्या पाव किमतीच्या आत बसलं. काम एका दिवसाचं.

परिणाम

पुन्हा तेवढाच 19 अँपिअर भार मुख्य तारेवर तात्पुरता टाकून मोजलं: 0.18 व्होल्ट. अर्धा तास चालू ठेवून तारेला हात लावला तर जेमतेम कोमट. चालकाला फरक वेगळाच जाणवला, हेडलाइट “नवे टाकल्यासारखे” झाले. इतके दिवस तो अडीच-तीन व्होल्ट कमी उजेडात घाट उतरत होता. पुढचा सगळा पावसाळा वीज गेली नाही. महिन्याने दोन बॅटऱ्यांमधला फरक 0.05 व्होल्ट.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात जड निर्णय वायरमनचा नव्हता, मालकाचा होता. दोनदा अंधार झाल्यावरही, कारण सापडलेलं नसताना, भरलेली गाडी तिसऱ्यांदा रात्री घाटात गेली. कांदा भरलेला, पावसात तो थांबत नाही, हे मान्य. पण दुपारी भरून उजेडात घाट उतरता आला असता, किंवा ती एक खेप दुसऱ्या गाडीला देता आली असती. अंधारात सोळा टन उतारावर असताना भाड्याचा हिशोब मांडायचा नसतो.

बॅटरीच्या दुकानातला प्रश्न एकच हवा होता: दोघी एकाच करंटवर चार्ज होतात, मग एकटीच का उतरली? मधल्या पट्टीवरची तार डब्याचं झाकण उघडल्यावर समोरच दिसत होती. आणि बदलायच्याच तर दोन्ही, एकाच वयाच्या आणि एकाच क्षमतेच्या.

रेग्युलेटर बदलणाऱ्याने आधीचा आकडा लिहून ठेवला असता तर पुढच्याचा वेळ वाचला असता. जॉब कार्डवर “चार्जिंग चेक केलं” एवढंच होतं.

चालकाला बटणांबद्दल पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर तपास वीस मिनिटांचा होता. त्याला ते माहीत होतं, पण फॉग लाइट आणि अंधार यांचा संबंध त्याच्या मनात नव्हता आणि “कुठे झालं?” सोडून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. त्या रात्री त्याने अंधार झाल्याबरोबर सगळे स्विच बंद करून एकटे हेडलाइट परत लावून पाहिले असते, तर बहुधा हळूहळू घाट उतरता आला असता.

आडगावच्या कामातही एक गोष्ट सुटली. तारांचा भार घेऊन तपास झाला, पण दोन्ही बॅटऱ्यांची वेगवेगळी भारावर परीक्षा झाली नाही. चार्ज केल्यावर दोघी 12.7 दाखवत होत्या, तेवढ्यावर भागवलं. डिसेंबरात निफाडकडच्या थंडीत पिंपळगावला पहाटे सेल्फ जडपणे फिरू लागला. सेल्फ मारताना दोन्हींचे मिळून 19.2 व्होल्ट, म्हणजे 24 व्होल्टच्या गाडीत साधारण जी किमान पातळी धरतात तिच्यावर काठोकाठ, पास. वेगवेगळं मोजलं तेव्हा, एकेकीच्या वाट्याला 9.6 यायला हवेत तिथे, खालची नवी 10.3 आणि वरची, पावसाळाभर पाणी उडवलेली जुनी, 8.9.